उलटा चढलेला वाल

वामनराव परतूरकरांनी भोकरदनच्या कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निरोप समारंभात सात जणांची भाषणं झाली आणि सातही जण म्हणाले, सरांमुळे तालुक्याला झाडं कळली. वामनराव मान खाली घालून "छे छे" म्हणाले खरे, पण घरी परतताना बसमध्ये त्यांनी ती सातही भाषणं मनातल्या मनात पुन्हा ऐकली. तिसरं जास्त आवडलं होतं, ते दोनदा ऐकलं.

आपली फजिती सांगण्यात वामनरावांना भारी रस. त्यामुळे पुढे जे घडलं ते त्यांच्याच तोंडून अर्ध्या नवीन जालन्याला ठाऊक झालेलं आहे.

निवृत्तीनंतर ते दिवसभर फ्लॅटमध्ये प्रेमलाबाईंच्या पायात घोटाळू लागले. आधी पेटी शिकले. शेजाऱ्यांनी दोन महिने सोसलं आणि मग सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला. त्या दिवाळीत पुण्याहून मुलगी भार्गवी आली, ती रंगांचा डबा घेऊन. तिने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक बाई काचेच्या मागच्या बाजूने पानं-फुलं रंगवत होती, आणि काच वळवली की पुढून ती अशी झळकत होती की जणू आत्ताच पाणी मारलंय. "बाबा, हे आवाज करत नाही," भार्गवी म्हणाली.

काम दिसायला सोपं, पण सगळं उफराटं. कागदावर आधी मागचा रंग, मग झाड, मग फूल, आणि शेवटी फुलातले बारीक ठिपके. काचेवर ठिपके आधी. मग पाकळी, मग पान, आणि मागचा रंग सगळ्यात शेवटी. पाकळी भरून टाकली आणि तिच्यावरची शीर राहिली, तर ती राहिलीच. नंतर काढलेली शीर पाकळीच्या आड जाते, पुढून दिसतच नाही.

वामनरावांनी पहिली जास्वंद काढली ती एकतीस वर्षांच्या सवयीने. आधी पाच पाकळ्या, मग मोठ्या हौसेने मधला दांडा आणि त्यावरचे पुंकेसर. काच वळवून बघतात तर लाल पाकळ्या, आणि मधे काहीच नाही. वर्गात एखाद्याने अशी जास्वंद काढली असती तर त्यांनी शून्य दिलं असतं, शिवाय वही वर धरून सगळ्यांना दाखवली असती. दुसरा झेंडू बरा उतरला. त्याखाली त्यांनी झोकात सही केली. प्रेमलाबाईंनी चष्मा लावून पुढून वाचायचा प्रयत्न केला.

"हे नमाव कोण?"

पुढचे पंधरा दिवस घरात त्यांना नमावराव म्हणूनच चहा मिळाला. मग त्यांनी वहीत उलटी अक्षरं गिरवायला घेतली आणि महिन्याभरात असा हात बसवला की किराणा सामानाची यादीसुद्धा उलटी लिहू लागले. यादी दुकानदाराने परत पाठवली.

दीड वर्षात बावीस काचा झाल्या. जास्वंद, धोतरा, पळस, कर्दळ, बहावा. आलेल्या पाहुण्याला चहाआधी काचा बघाव्या लागत, त्याही एकेक करून, खिडकीच्या उजेडात. प्रेमलाबाई म्हणत, "लोक आता फोन करून विचारतात सर घरी आहेत का. आहेत म्हटलं की येत नाहीत."

अशात राधेश्याम उगलेचा फोन आला. हा त्यांचा भोकरदनचा विद्यार्थी, आता नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत बीजोत्पादनाचं बघायचा. कंपनीने बी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी एक सभागृह बांधलं होतं आणि दारासमोरची भिंत रिकामी होती.

"सर, तिथे तुमची एक मोठी काच पाहिजे. वाल काढा. यंदा आमचा जोर वालाच्या बियाण्यावरच आहे."

"विचार करून सांगतो," वामनराव म्हणाले, फोन ठेवला, आणि चार मिनिटांनी त्यांनीच उलट फोन केला.

पाच फूट उंच, तीन फूट रुंद काच आली आणि जेवणाच्या टेबलावर आडवी झाली. घर जमिनीवर बसून जेवू लागलं. वामनरावांनी कुंडीत वाल लावला, बांबू रोवला, आणि वेल चढला तसा तो समोर ठेवून जसाच्या तसा उतरवला. पानाची तिन्ही दळं, जांभळी फुलं, शेंगेच्या कडेची गडद रेघ, काही सोडलं नाही. खाली कंपनीचं नाव आणि आपली सही, दोन्ही उलट्या अक्षरांत. त्या अक्षरांवर त्यांनी आठ दिवस घातले. ही काच बघून लोक अक्षरांचंच कौतुक करतील, अशी त्यांना धास्ती वाटत होती.

कार्यक्रमाला साठेक माणसं होती. घनसावंगीकडची, भोकरदनकडची, आणि त्यांत बायाच जास्त, कारण बियाण्याच्या प्लॉटवरचं खरं काम त्याच करतात. काचेवरचा कपडा बाजूला झाला तेव्हा टाळ्या पडल्या. राधेश्यामने सरांच्या हातात माइक दिला. वामनराव वीस मिनिटं बोलले. विषय होता निरीक्षण. "झाड कधी फसवत नाही," ते म्हणाले, "आपणच नीट बघत नाही." आणि जुन्या सवयीने शेवटी विचारलं, "काही शंका?"

एकतीस वर्षांत या प्रश्नावर कुणी उठलं नव्हतं. आज तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. पंचेचाळिशीची असेल, डोक्यावर पदर, हातांवर उन्हाचा रंग.

"मी नंदाबाई खोजे, तीर्थपुरीची. सर, चित्र लय भारी हाये. बिलकुल खरं वाटून राह्यलं. पन ह्यो येल उलटा चढलाय."

थोडं हसू पसरलं. वामनराव ढ विद्यार्थ्याकडे बघतात तसं प्रेमाने हसले. "उलटा म्हणजे?"

"वाल असा चढतो." तिने हवेत बोट फिरवलं, खालून डावीकडून वर उजवीकडे. "तुमचा असा चढलाय." बोट आता उजवीकडून डावीकडे गेलं. "आमी रोज सकाळी सुतळीवर चढवतो न्हाई का. उलटा गुंडाळला तर दुसऱ्या दिशी सुटून येतो."

वामनराव वळले आणि त्यांनी काचेकडे बघितलं.

वाल कोणत्या दिशेने गुंडाळतो हे ते दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवत. त्याची दिशा ठरलेली असते, बदलत नाही. परीक्षेत दोन मार्कांना हा प्रश्न हमखास असे. आणि झालं होतं ते अगदी साधं. कुंडीतला वेल बघून त्यांनी काचेच्या मागच्या बाजूला तो तसाच काढला होता. काच वळवली तशी डावी बाजू उजवीकडे आली. जास्वंदीला, झेंडूला याने काही फरक पडत नाही. वालाला पडतो. अक्षरं त्यांनी आठ दिवस घालून उलटी केली होती. वेल उलटा करायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चुकलं" एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी त्यांनी तोंडही उघडलं. पण हातात माइक होता, शेजारी राधेश्याम उभा होता, आणि निरीक्षणावरचं व्याख्यान संपून एक मिनिटही झालं नव्हतं.

"बाई, ही जात वेगळी आहे," वामनराव म्हणाले. "काही दुर्मिळ वाणांत वेल वामावर्त असतो, म्हणजे डाव्या अंगाने चढणारा. सगळंच काही आपल्या शेतात नसतं."

आता सभागृह मोकळेपणाने हसलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याने नंदाबाईंना हाताने खुणावलं, "बस खाली." त्या बसल्या. वामनरावांनी शाल आणि नारळ स्वीकारला.

दुसऱ्या दिवशी राधेश्यामचा फोन. "सर, तो वामावर्त वाल. आमच्या संशोधन विभागाच्या ज्योत्स्ना मॅडम विचारतायत, बी कुठलं? त्यांनी असा वाल जन्मात पाहिला नाही."

"बघतो. इथेच कुठेतरी ठेवलंय."

तीन दिवसांनी भोकरदनकडचे दोन शेतकरी पत्ता विचारत घरी आले. त्यांना उलट्या वालाचं मूठभर बी हवं होतं.

"त्याच्यावर मावा बिलकुल पडत न्हाई म्हने," एकजण म्हणाला.

"असं कोण म्हणालं?"

"तुमीच म्हनले म्हने."

बी सध्या हाताशी नाही असं वामनरावांनी सांगितलं. ते दोघे तरी अर्धी पिशवी मोसंबी ठेवून गेले. इतकी गोड मोसंबी वामनरावांनी इतक्या वाईट मनाने कधी खाल्ली नव्हती.

आणि मग त्यांनी जे केलं ते सांगताना ते आजही कपाळाला हात लावतात. थाप खरी करून दाखवायचा एकच मार्ग उरला होता: तसा वेल तयार करायचा. रोज संध्याकाळी ते गॅलरीत जाऊन कुंडीतल्या वालाचा कोवळा शेंडा बांबूवरून सोडवत, उलट्या बाजूने गुंडाळत आणि मऊ दोऱ्याने बांधत. रोज सकाळी दोऱ्याच्या वरचा शेंडा निमूटपणे आपल्या मूळ वाटेला लागलेला असे. जीवशास्त्राचे निवृत्त अध्यापक एका वेलाशी असे चार दिवस झुंजले. पाचव्या दिवशी शेंडाच मोडून त्यांच्या हातात आला. मागे प्रेमलाबाई कप घेऊन उभ्या होत्या.

"काय चाललंय?"

"प्रयोग."

"एकतीस वर्षं पोरांना वळण लावलंत, आता झाडाला लावताय?"

वामनरावांनी मोडका शेंडा कुंडीच्या काठावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. प्रेमलाबाई इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. मग एकदम थांबल्या.

"आणि त्या बाईंचं काय?"

"कुठल्या बाईंचं?"

"ज्यांना तुम्ही साठ लोकांत खाली बसवलं."

नऊ दिवस वामनरावांनी राधेश्यामचा विचार केला होता, ज्योत्स्ना मॅडमचा केला होता, मोसंबीचाही केला होता. त्या बाईंचा एकदाही केला नव्हता. हे लक्षात आल्यावर मात्र त्यांना आपलं हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते तीर्थपुरीला गेले. खोज्यांचं शेत गावाला लागूनच होतं. तारेला सुतळ्या टांगलेल्या, आणि प्रत्येक सुतळीवर वाल चढलेला. शेकडो वेल, आणि एकूण एक डावीकडून उजवीकडे. एवढे साक्षीदार एका रांगेत उभे बघून वामनरावांचं उरलंसुरलं धैर्य गेलं.

नंदाबाई चार बायांबरोबर वेल चढवत होत्या. "आवो सर! तुमी हिकडं?" त्या पुढे आल्या. त्यांचे यजमान कारभारी यांनी लगबगीने पाण्याचा तांब्या आणला. वामनरावांनी बसमध्ये एक मोठं वाक्य जुळवलं होतं. ते आठवेना.

"नंदाबाई, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. आणि वरून मी खोटं बोललो."

बायांचे हात थांबले.

"मला तवाच ठाऊक व्हतं," नंदाबाई म्हणाल्या. "तुमचे कान लाल झाल्ते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मायक तुमच्याकडं व्हता."

कारभारी जमिनीकडे बघत म्हणाले, "आमीच हिला घरी येऊन बोललो सर. म्हनलं, शिकल्यासवरल्या मान्सांत कशाला त्वांड घालती. आठ दिस झाले, बोलून न्हाई राह्यली आमच्याशी."

"दहा," नंदाबाई म्हणाल्या. त्या दहा दिवसांत नवऱ्याशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द असावा, कारण बायांनी पदराआड तोंडं लपवली.

बांधावर बसल्यावर नंदाबाईंनी विचारलं, "पन असं झालं कसं?" वामनरावांनी काच, मागची बाजू, पुढची बाजू, सगळं हातवारे करून समजावलं. नंदाबाईंनी एकदा तळहात पालथा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

"मंग कुंडीकडं बघून काढायचंच कशाला? आरशात बघून काढायचं. आरशात उलटं, काचंवर उलटं, म्हंजी झालं ना बराबर."

दीड वर्ष वामनराव ही कला करत होते, त्यावरचे शंभर व्हिडिओ त्यांनी पाहिले होते, पाहुण्यांना तिचे बारकावे ऐकवले होते.

"हे मला सुचलं असतं," ते म्हणाले, "तर मी आज इथे आलोच नसतो."

"मंग बरं झालं न्हाई सुचलं. या बहान्यानं प्लॉट तरी पाह्यला आमचा. या, चार येल चढवून बघा."

वामनरावांनी चार वेल चढवले. तिसरा नंदाबाईंनी सोडवून पुन्हा चढवायला लावला.

परत आल्यावर ते थेट राधेश्यामच्या ऑफिसात गेले आणि उभ्या उभ्या सगळं कबूल करून मोकळे झाले. राधेश्याम टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. त्याला धक्का बसलेला दिसेना.

"तुला कळलं होतं का रे?"

"सर, दोन मार्कांचा प्रश्न होता तो. माझा बरोबर आला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगताय म्हटल्यावर मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

हे उत्तर वामनरावांना फार लागलं. फजिती सांगताना इथे ते नेहमी थोडं थांबतात.

काच भिंतीवरून उतरली आणि पुन्हा जेवणाच्या टेबलावर आली. ब्लेडने खरवडताना आधी मागचा हिरवट रंग निघाला, मग पानं, मग शेंगा, आणि सगळ्यात शेवटी फुलांवरच्या बारीक जांभळ्या शिरा, ज्यांच्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. प्रेमलाबाईंच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढून कुंडीसमोर लागला. तीन आठवडे प्रेमलाबाईंनी भांग अंदाजाने पाडला, आणि त्याबद्दल रोज एक वाक्य ऐकवलं.

पुढच्या शेतकरी बैठकीला काच तयार होती. लावायच्या आधी वामनरावांनी नंदाबाईंना बोलावून पुढे उभं केलं. त्यांनी काचेला हात न लावता बोट वेलाबरोबर खालून वरपर्यंत नेलं, एकेक वेढा मोजत.

"बराबर," त्या म्हणाल्या. वामनरावांना त्या सात भाषणांपैकी एकानेही इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी माइक घेतला. चार पानांचा कबुलीजबाब लिहून आणला होता; चूक कशी झाली, थाप का मारली, अहंकार ही काय चीज आहे, नंदाबाईंची क्षमा, आणि शेवटी विज्ञानाचं व्रत. राधेश्यामकडून पंधरा मिनिटं मागून घेतली होती. पहिल्या पानावर नंदाबाईंचं नाव त्यांनी मोठ्याने, गावासकट घेतलं, आणि कारभारींनी आजूबाजूला मान वळवून बघितलं की सगळ्यांनी ऐकलं ना. दुसऱ्या पानाच्या मधे बाहेरच्या मांडवातून फोडणीचा वास आला. मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले.

"सर, म्हंजी ते उलट्या वालाचं बी मिळनार न्हाई का?"

"नाही. तसा वालच नसतो."

"मंग जल्दी सांगायचं ना," ते म्हणाले आणि जेवायला निघाले. त्यांच्या मागे रांगच्या रांग उठली. महिनाभर ज्या शरमेने वामनरावांची झोप उडवली होती, तिची लोकांना वरण-पोळीएवढीही किंमत नव्हती. उरलेली दोन पानं त्यांनी घडी करून खिशात टाकली.

मांडवात नंदाबाई ताट घेऊन शेजारी आल्या. "सर, मला बी एक काच काढून द्या. दारावर लावायला."

वामनराव खुलले. "वाल काढू? का कारल्याचं फूल? पिवळं छान उठेल."

"फूलबिल नको बाई. दिसभर तेच बघून राह्यले. समुद्र काढा."

"समुद्र?"

"म्या पाह्यला न्हाई कदी. तुमी पाह्यलाय ना?"

"एकदा. लग्नानंतर गेलो होतो."

"मंग काढा की," नंदाबाई म्हणाल्या आणि भात घ्यायला पुढे गेल्या.

सध्या टेबलावर दीड फुटाची काच आहे आणि घर पुन्हा जमिनीवर जेवतंय. काचेवर समुद्राचा फेस आधी काढावा लागतो, मग लाट, मग पाणी, आभाळ सगळ्यात शेवटी. वामनराव चार दिवस फेसातच अडकले आहेत. पस्तीस वर्षांपूर्वीचा समुद्र काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही.

"कसा होता गं तो?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसा आठवेल? तुम्ही पाण्यात उतरलाच नव्हता. पाठ करून चपला सांभाळत बसला होतात." प्रेमलाबाईंनी वाकून काच वळवली आणि पुढून बघितली. "आणि हा फेस नाही. कापूस वेचायला आलाय."

वामनरावांनी बघितलं. खरंच बोंडं फुटल्यासारखी दिसत होती, तीसुद्धा चांगल्या जातीची. त्यांनी ब्लेड उचललं आणि काच खरवडायला घेतली.